सातेरी गुराब आणि मनुबाईचं आढं

मनुबाईनं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही. जन्मली बेळगावाजवळच्या कंग्राळीत, दिली खानापूरपलीकडं रानाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात, आणि मेली तिथंच. तरी समुद्रात बुडालेल्या एका जहाजानं तिच्या संसाराची जेवढी माती केली तेवढी ना सासूनं केली, ना मानमोडीच्या तापाच्या साथीनं. जहाज बुडालं त्याला तिच्या लग्नाच्या वेळीच दीडशे वर्षं होत आली होती. शहाणी माणसं बुडालेलं विसरतात. या गावातल्या दोन घरांना मात्र ते दर वर्षी नव्यानं बुडवल्याशिवाय शिमगा गोड लागत नसे.

दिल्लीला इंग्रज बादशहाचा दरबार भरला त्या वर्षी तिचं नागोजीशी लग्न झालं. पहिल्या शिमग्याला, धुळवडीच्या सकाळी, ती ओट्यावर भात पाखडत बसली होती. तेवढ्यात होळीच्या माळावरून आरडाओरडा ऐकू आला.

"कुजकी काठी कुणाची रं?"

"नागोजीच्या खापरपणज्याची!"

मग दुसऱ्या अंगानं, "वाकडं सुकाणू कुणाचं रं?"

"यल्लाप्पाच्या भावकूचं!"

पुढं जे काही बोललं जात होतं ते लिहिण्यासारखं नाही. शिमग्यात सगळं खपतं. मनुबाईला हसू फुटलं, तशी सासू जयाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "दात काय काढतीस? तुझ्याच घराण्याचा उद्धार चाललाय तितं!" आणि पाठीत बसलेल्या धपाट्याबरोबरच तिला त्या जहाजाची कथाही मिळाली.

सातेरी नावाची गुराब होती. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज; नाकाडावर तोफा, बूड उथळ, त्यामुळं खाडीत शिरायला बरं. मालवणच्या आरमारासाठी ती बांधली, आणि लाकूड गेलं ते या रानातलं. सागाची खोडं रेड्यांच्या जोड्या लावून घाटानं खाली ओढत नेली. मोठ्या डोलकाठीचं झाड नागोजीच्या खापरपणज्यानं, दुर्गोजीनं, हेरलं आणि त्यानंच तोडलं. लाकडाबरोबर गावची तरणी पोरं खाली गेली आणि पगाराच्या आशेनं तिथंच जहाजावर राहिली. त्यातलाच एक भावकू, म्हणजे यल्लाप्पाच्या घराचा मूळपुरुष. घाटावरचा गडी, पोहायला नदीत शिकलेला. पण डोकं चालायचं त्याचं. चार-पाच हंगामांत तो सातेरीच्या सुकाणूवर उभा राहिला.

पंधराएक वर्षं सातेरीनं दर्या गाजवला म्हणे. तिची शिडं दिसली की गोव्याच्या फिरंग्यांची गलबतं किनाऱ्याला चिकटायची. इंग्रजांचं कापडानं भरलेलं तारू तिनं धरून आणलं, आणि त्यातली लाल बनात या गावच्या पालखीला चढली. एकदा बुडाशी तोफेचा गोळा लागून निम्मी पाण्यानं भरली, तरी पाणी उपसत उपसत मालवणला परत आली. जहाज चांगलं होतं, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही घरांचं एकमत होतं. तेवढंच.

शेवट झाला तो पावसाळ्याच्या तोंडावर, दर्या फिरायच्या दिवसांत. इंग्रजांच्या दोन जहाजांनी तिचा पाठलाग केला. सातेरी वाऱ्यावर पळत होती, सुटल्यातच जमा होती, आणि मोठी डोलकाठी कडाडून मोडली. शीड तोफांवर पडलं, जहाज आडवं होऊन खडकावर गेलं, वरून आग लागली. गावची माणसं गेली ती गेलीच. एकटा भावकू फळीला धरून किनाऱ्याला लागला. घरी येऊन त्यानं सांगितलं की दुर्गोजीनं काठी चांदण्याच्या पंधरवड्यात तोडली होती, तिला भुंगा लागला होता, म्हणून मोडली.

या मुलखात घराला किंवा औताला लागणारं लाकूड अवसेकडच्या अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडतात. चांदण्यात तोडलेल्या लाकडात रस असतो, त्याला भुंगा लागतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दुर्गोजीनं काठी चांदण्यात तोडली हे त्याच्या घरानंही कधी नाकारलं नाही. आरमाराचा कारकून उरावर बसला होता, अवसेपर्यंत थांबतो कोण? पण त्यांचं म्हणणं असं की काठी धड होती. भावकूनं भिऊन सुकाणू गर्रकन फिरवलं, शीडात उलटा वारा भरला, मग काठी काय करणार? दुर्गोजी बोंबलून सांगत राहिला. त्याचं ऐकणार कोण? बुडालेले बुडाले होते, आणि वाचलेल्याचं खरं झालं होतं.

तेव्हापासून त्या घरानं तोडलेलं लाकूड गावात कुणी घराला लावलं नाही. होळीच्या काठीला त्यांचा हात लागू दिला नाही. ज्यांच्या घरची माणसं बुडाली होती त्यांनी मुली दिल्या नाहीत. म्हणून तर नागोजीला कंग्राळीची बायको करावी लागली. ही सगळी गोष्ट ऐकून मनुबाई एवढंच म्हणाली, "मेलेल्या लाकडासाठी जित्त्या माणसांचं एवढं हाल?" त्यावर दुसरा धपाटा बसला.

मानमोडीच्या साथीत सासू गेली, दोन दीर गेले. घर पडायला आलं होतं. नागोजीनं नव्या भिंती घातल्या, आणि मग त्याच्या डोक्यात ते शिरलं. घरासाठी आढं, म्हणजे छपराच्या मधोमध जाणारी मुख्य तुळई, त्यानं मुद्दाम फाल्गुनातल्या चांदण्या पंधरवड्यात तोडलं. आपल्याच बांधावरचा साग. भर दुपारी हलगी लावून ते खोड यल्लाप्पाच्या दारावरून ओढत आणलं, आणि शिमग्याच्या माळावर छाती बडवून बोलला, "ह्ये चांदण्यात तोडल्यालं लाकूड मी माझ्या घरावर चढवतो. दुर्गोजीची काठी कुजकी नव्हती, ह्ये तुमी समदे डोळ्यांनी बघशीला. ह्याला टेकू लावीन तर त्याच्या वंशाचा न्हवं. दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याला माझ्या पूर्वजांची शपत हाय! तुमची होळीची काठी बी चांदण्यातच तोडता की रं, ती मोडती काय?"

"ती जाळायला आसती, नागोजी," यल्लाप्पा म्हणाला. "तुझ्या घराचं आमी बघाय येऊ. मोडल्यावर."

माळ हसला. या गावात माळावर बोललेला शब्द घराला बांधतो. तो परत घ्यायचा तर त्याच घरच्या माणसानं त्याच माळावर येऊन घ्यायचा, दुसरी वाट नाही.

मनुबाईच्या कडेवर तेव्हा शामू होता, नुकता बसायला लागलेला. तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "आणि मोडलं तर कुणाच्या डोसक्यावर?"

"मोडणार न्हाय."

पुढची वीस वर्षं या बाईला तेवढंच एक उत्तर मिळालं.

लाकूड चार-पाच पावसाळे गप्प राहिलं. मग एक दिवस आंबिलीच्या मडक्यावर पिवळसर पीठ दिसलं. बोटांत चोळलं तर पीठ नव्हे, लाकडाचा भुसा. कान देऊन बसलं की वरून कुरकुर कुरकुर ऐकू यायचं. मग ते रोजचंच झालं. भाकरीवर भुसा, अंथरुणावर भुसा, देवाच्या टाकांवर भुसा. नागोजी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून खराटा घेऊन घर झाडायचा. ज्या माणसानं स्वतःच्या जेवलेल्या ताटाला कधी हात लावला नाही, तो घर झाडत होता!

गाव तर टपूनच होतं. पाहुणा आला की आधी वर बघायचा, मग रामराम घालायचा. यल्लाप्पाच्या घरचं लग्न निघालं की त्याचा माणूस दारात येऊन मोठ्यानं विचारायचा, "घर हाय न्हवं अजून? न्हाय, आवतान द्याचं हुतं." नागोजी काठी घेऊन त्याच्यामागं धावायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. मनुबाईला यल्लाप्पाचा राग यायचाच, पण त्याहून जास्त राग नवऱ्याचा यायचा. ती पोरांना भिंतीच्या कडेनं निजवायची. नागोजी मात्र बरोबर मधोमध, आढ्याच्या खाली, उताणा पडायचा. तिच्या मनात यायचं, येडा आहे, मूर्ख आहे, पण मनापासून मानतो बिचारा. मूर्खाशी संसार करायची गावातल्या निम्म्या बायकांना सवय असते, तशी तिनं करून घेतली.

दुसरी लढाई लागली तेव्हा शामू बेळगावात पलटणीत भरती झाला. जाताना आईला एवढंच म्हणाला, "रुक्मा आनि पोरं तुझ्याजवळ हायत." आढ्याकडं त्यानं बघितलंही नाही, आणि तो बघत नव्हता हे तिनं बघितलं. पुढं त्याची पलटण बोटीत बसून समुद्रापार गेल्याची बातमी आली. या घराला समुद्रापासून सुटका नाही ती नाहीच, म्हणून मनुबाईनं चुलीसमोर बसून कपाळ बडवून घेतलं.

सुनेला दोन लेकरं. धाकटं झोळीत होतं, आणि झोळी टांगायला घरात आढ्याइतकी दुसरी जागा नव्हती. भुसा लेकराच्या डोळ्यांत जायचा, डोळे सुजून लाल व्हायचे. रुक्मा झोळीवर लुगड्याचं धडपं टाकायची आणि सासऱ्यासमोर तोंड मिटून बसायची. त्या वर्षी पाऊस असा लागला की श्रावणात छप्पर एका अंगाला खाली आलं. कौलं सरकली, घरात धार लागली. मनुबाईनं वर बघितलं तर आढं एका टोकाला वाकून आलेलं.

"आता तरी टेकू लावा वो," ती म्हणाली. "शामूची पोरं हायत खाली."

"मोडणार न्हाय."

"मोडणार न्हाय, मोडणार न्हाय! तुमच्या दुर्गोजीनं तरी दुसऱ्याचीच पोरं बुडवली. तुमी सोताच्या नातवंडांवर उटलाय!"

त्यानं हात उगारला. तिनं कोयता उचलला. रुक्मा मधे पडली म्हणून ते तेवढ्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी मनुबाई शेजारच्या गावात सुतारांकडं गेली. सुतारानं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "नागोजीनं माळावर शपत घातलीया, आक्का. आमी हात लावणार न्हाय." जिथं गेली तिथं हेच उत्तर. पोरांना घेऊन ती गोठ्यात निजू लागली. दिवाळीनंतर थंडी पडली तशी थोरल्या नातवाला खोकला धरला, आणि तिनं ठरवून टाकलं.

धुळवडीच्या सकाळी माळावर शिव्या रंगात आल्या होत्या. एका बाजूला नागोजी आणि त्याचे दोन-चार भाऊबंद, दुसऱ्या बाजूला यल्लाप्पा आणि उरलेलं गाव. त्या वेळी बायकांनी माळावर जायचं नसतं. मनुबाई पदर खोचून थेट होळीच्या राखेपाशी जाऊन उभी राहिली.

"घरला जा!" नागोजी ओरडला.

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. "यल्लाप्पा भावजी, तुमच्या लाकडाच्या अड्ड्यात अवसेला तोडल्यालं सागाचं खोड हाय. ते मला पायजे. आनि आढं उतरवायला माणसं पायजेत."

यल्लाप्पाचं तोंड उजळलं. म्हातारा झाला होता, दात पडले होते, पण असा दिवस बघायला तो जगला होता. "देतो की, वैनी. फुकट देतो. पण त्याच्या आदी जे बोलायचं ते बोल. आनि मोठ्यानं बोल, मागच्यास्नी बी ऐकू जाऊ दे."

"काठी कुजकी हुती!" मनुबाई म्हणाली. तिचा आवाज माळाच्या पार टोकाला गेला. "दुर्गोजीनं चांदण्यात तोडली, तिला भुंगा हुता, ती मोडली आनि तुमची माणसं बुडाली. झालं समाधान? नवऱ्यानं घातल्याली शपत मी मागं घेते. आनि आता मी बी एक इचारते. एवढी माणसं बुडाली, त्यात तुमचा भावकू तेवढा फळीला धरून वर कसा आला, ह्ये कवातरी एकमेकांस्नी इचारा. एकाच फळीवर पावणेदोनशे वर्सं जगलायसा तुमी!"

यल्लाप्पाचं हसू मावळलं, पण त्याला हवं ते मिळालं होतं. शब्द गेला तो गेला. नागोजी घरी येऊन ओट्यावर बसला आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, दोर आले, नवं खोड आलं. आढं मोडल्यावर बघायला येऊ म्हणणारं गाव आता ते उतरताना बघायला अंगणात जमलं. कौलं काढली, वासे काढले, आढ्याला दोर बांधून ते हळूहळू खाली घेतलं. ते जमिनीला टेकताच भुशाचा लोट उठला आणि हशा पिकला. यल्लाप्पानं कुऱ्हाड मागून घेतली. सगळ्यांना कूज दाखवायचा मान त्याला स्वतःला हवा होता.

पहिला घाव घातला तशी वरची चार बोटं जाडीची साल-पाठ ढेकळासारखी फुटली, नुसतं पीठ. पोरांनी बोंब ठोकली. दुसऱ्या घावाला कुऱ्हाड खणकन वाजून मागं उसळली. यल्लाप्पानं दात नसलेलं तोंड आवळून तिसरा घातला. कुऱ्हाडीची धार मुडपली. आत गाभा होता, तेलकट, तांबूस, तोडल्या दिवशी असेल तसा. भुंग्यानं वरचा कोवळा भाग खाल्ला होता आणि गाभ्यापाशी येऊन तोंड फिरवलं होतं. जे वाकलेलं दिसत होतं त्याचं कारण एकानं बोटानं दाखवलं. आढ्याच्या टोकाखालची भिंत पावसानं खचली होती. लाकूड आणखी दोन पिढ्या हललं नसतं.

पावणेदोनशे वर्षांचं भांडण सगळ्यांच्या समोर उघडं पडलं होतं. एखाद्याला लाज असती तर त्यानं तिथंच दुर्गोजीच्या नावानं हात जोडले असते. यल्लाप्पानं कुऱ्हाड खाली टाकली आणि म्हणाला, "शबूद दिला तो दिला. ओढा रं ह्ये. माळावर न्हेऊन जाळा." आणि माणसांनी ते ओढून नेलं. भाऊबंदांनीसुद्धा दोराला हात लावला. राख झाली तशी कुणी काही पाहिलंच नव्हतं. पुढच्या शिमग्याला "कुजकी काठी" आणखी जोरात झाली, कारण आता घरधनिणीनंच कबूल केलं होतं.

अंगण रिकामं झालं तेव्हा मनुबाई नागोजीपुढं जाऊन उभी राहिली. त्याचं खरं निघालं होतं आणि तिनं ते माळावर खोटं पाडलं होतं. मारलं तर मार खायचा, असं मनाशी ठरवूनच ती आली होती.

"लाकूड चांगलं निघालं," ती म्हणाली. "मला काय ठावं हुतं? पोरांसाठी बोलले मी. मारायचं तर मारा."

नागोजी हातातल्या भुशाकडं बघत होता. तो म्हणाला, "मला तरी कुटं ठावं हुतं? मला बी वाटलं हुतं, आतनं पोकळ आसंल."

तिला आधी कळलंच नाही. "काय म्हनलासा?"

"भुसा पडाय लागला तवाच वाटलं हुतं. मोडणार म्हनून."

"कवा?"

"शामूला दुधाचं दात हुतं तवा."

मनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. ती सगळी वर्षं तो मधोमध उताणा पडायचा आणि ती त्याला येडा म्हणत त्याच्यासाठी भाकरी थापायची. पहाटे उठून तो झाडत होता ते याचसाठी, की मोडणार हे त्याला माहीत होतं आणि दुसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. आणि शामू, मग शामूची पोरं, त्याच घरात निजत होती. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला एकेरी हाक मारली नव्हती.

"आनि पोरास्नी खाली निजवलंस?" ती म्हणाली. "तुला वाटत हुतं मोडंल म्हनून, आनि निजवलंस?"

नागोजीनं हातातला भुसा ओट्यावर झटकला.

खचलेल्या भिंतीला दगड लावून संध्याकाळपर्यंत नवं आढं चढलं. मनुबाईनं नातवंडांची अंथरुणं घराच्या मधोमध घातली, आणि नागोजीची वळकटी उचलून गोठ्यात नेऊन टाकली. जेवणाचं ताट रुक्मा नेऊन द्यायची. शामू लढाईवरून धडधाकट परत आला, त्यानं चार वेळा आईची विनवणी केली, गावातल्या जाणत्या बायकांनी समजावलं. तिनं कुणाचं ऐकलं नाही. इंग्रज गेले त्या साली भात कापणीच्या सुमारास नागोजी गोठ्यातच मेला.

सुतकात बसायला आलेल्या बायकांतली मालुबाई, तिची मैत्रीण, शेवटी बोललीच. "मने, त्यानं जन्मभर येडेपना केला खरा. पण मरताना तरी त्याला घरात घ्याचा हुतास."

"त्यो येडा आसता," मनुबाई म्हणाली, "तर शेवटपत्तोर माझ्या हातानं वाढलं आसतं मी त्याला. त्यो येडा नव्हता."